पाच वॅटचा वाद

फेंडर कंपनीच्या ‘चॅम्प’ या छोट्या गिटार ॲम्प्लिफायरचे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातले सर्किट ५एफ१ या खुणेने ओळखले जाते. तीन व्हॉल्व्ह, आवाज कमी-जास्त करायचे एकच बटण, आठ इंची स्पीकर आणि जेमतेम पाच वॅट. शिकाऊ वादकांसाठी केलेली ही स्वस्त वस्तू होती. आज त्याच सर्किटचे किट मिळतात. पत्र्याची चासी, ट्रान्सफॉर्मर, सॉकेट, रेझिस्टर, कपॅसिटर आणि वायर डब्यातून येतात, जोडायचे आपण.

पुण्यातली एक गिटारवादक असा किट मागवायच्या बेतात आहे. तिच्या मामांनी सत्तरच्या दशकात व्हॉल्व्हचे रेडिओ दुरुस्त केले आणि पुढे ट्रान्झिस्टर आणि आयसीवर पोट भरले. व्हॉल्व्हचा मोह असायला हवा तो त्यांना, असे आपल्याला वाटते. पण विरोध त्यांचाच आहे. दोघांची बाजू नीट ऐकावी अशी आहे.

मामा : थेट सांगतो, मला हा बेत पटलेला नाही. व्हॉल्व्ह मी वर्षानुवर्षं हाताळलेत. काच तापते, फिलामेंट जातं, सॉकेटची पकड सैल होते, कंडेन्सर सुकतात आणि स्पीकरमधून घरघर सुरू होते. १९४७ साली बेल लॅबोरेटरीत ट्रान्झिस्टर तयार झाला. तो आमच्या टेबलापर्यंत पोचला तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आमची पिढी ज्यातून कष्टानं बाहेर पडली, त्यात तू पदरचे पैसे घालून शिरायला निघालीस.

भाची : रेडिओपुरतं तुझं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. स्टुडिओत जे गायलं ते जसंच्या तसं घरी पोचवणं हे रेडिओचं काम. तिथं व्हॉल्व्हनं स्वतःची भर घातली तर तो दोषच. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमधून मात्र शंभरेक मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो, आणि तो नुसता ऐकला तर कोरडा, पातळ लागतो. त्याला अंग येतं ते ॲम्प्लिफायरमध्ये आणि स्पीकरमध्ये. माझ्या दृष्टीनं निम्मं वाद्य तिथं आहे.

मामा : अंग येतं म्हणजे लाट बिघडते. नाव काहीही दे.

भाची : बिघडते, पण कशी बिघडते यावर सगळं आहे. व्हॉल्व्हमधला ट्रायोड लाटेची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त दाबतो, त्यातून दुसरा हार्मोनिक पुढे येतो. मूळ स्वर सा धरला तर दुसरा हार्मोनिक म्हणजे तार सा, तिसरा म्हणजे तार पंचम, आणि पाचवा त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. तानपुऱ्याच्या खर्जातून कान लावल्यावर गंधार ऐकू येतो तो हाच. सातवा मात्र कोमल निषादापेक्षाही उतरलेला, कुठल्याच स्वरात नीट न बसणारा. हळू वाजवलं की ॲम्प्लिफायर खालचे हार्मोनिक घालतो, जोरात वाजवलं की वरचेही येतात. उजव्या हाताच्या जोरावर स्वराचा रंग बदलतो आणि तो मला हवा आहे.

मामा : इथवर ठीक. पण तुझ्या लाडक्या चॅम्पमध्ये स्पीकरच्या बाजूनं मागे एक २२ किलोओहमचा रेझिस्टर जातो, तो पाहिलास का? दुसऱ्या ट्रायोडच्या कॅथोडला. ते निगेटिव्ह फीडबॅक आहे. त्यानं आधी आवाज स्वच्छ राहतो आणि मग जिथं कापला जातो तिथं कडा अधिक तीक्ष्ण होते. व्हॉल्व्ह म्हणजे सगळं मऊ, गोलाकार, ही समजूत या सर्किटलाही पुरती लागू होत नाही. आणि तो पाच वॅटचा ६व्ही६ पॉवर व्हॉल्व्ह पार ताणलास की तोही लाट सपाट कापतो.

भाची : तो रेझिस्टर मी पाहिलाय. पुष्कळ जण तिथं स्विच बसवतात आणि फीडबॅक काढून ऐकतात. मलाही तेच करायचंय. तुझं हेच वाक्य खरं की नाही, ते मला एका स्विचनं ऐकता येईल.

मामा : आणि तो दाब? तुम्ही वादक ‘सॅग’ म्हणता ना? जोरात छेडलं की ५वाय३ रेक्टिफायरचं व्होल्टेज बसतं आणि मग हळूहळू वर येतं, म्हणून बोटांना खाली काहीतरी दबल्यासारखं वाटतं, अशी वर्णनं करतात. चॅम्पमध्ये एकच पॉवर व्हॉल्व्ह, तो क्लास ए मध्ये. वाजवा किंवा गप्प बसा, त्यातून सरासरी करंट जवळपास तेवढाच जातो. मग व्होल्टेज बसेल कशाला? ती गोष्ट दोन ६व्ही६ असलेल्या ट्वीड डिलक्ससारख्या पुश-पुल सर्किटची आहे. चॅम्पमध्ये जो दाब जाणवतो तो बराचसा कॅथोडच्या आणि कपलिंगच्या कंडेन्सरमुळे. तिथं साठलेला भार उतरायला वेळ लागतो.

भाची : हे मला नव्यानं कळलं. पण बघ, आपण ज्यावर बोलतोय ती प्रत्येक गोष्ट या सर्किटमध्ये एका ठरावीक भागावर बोट ठेवून दाखवता येते. लॅपटॉपमध्ये ॲम्प्लिफायरची नक्कल करणारं मॉडेलिंग आहे आणि मी ते रोज वापरते. रात्री अकरा वाजता फ्लॅटमध्ये हेडफोन लावून दुसरं काय करणार? त्याचा आवाज उत्तम असतो. पण तिथं ‘सॅग’ नावाची एक चकती फिरवायची असते. आत काय घडतं ते मला दिसत नाही, आणि दिसलं तरी हात लावता येत नाही.

मामा : न दिसण्यात वाईट काय? लॅपटॉप ज्या समीकरणांनी हा आवाज काढतो, ती याच सर्किटवरून लिहिलेली आहेत. वर हे घे. ५वाय३च्या फिलामेंटला ५ व्होल्टवर २ अँपिअर, म्हणजे दहा वॅट. उरलेल्या दोन व्हॉल्व्हचे हीटर मिळून पावणेपाच वॅट. हाय व्होल्टेजच्या बाजूला पंधरा-सोळा. ट्रान्सफॉर्मरची गरमी धरली तर भिंतीतून पस्तीसएक वॅट घ्यायचे आणि स्पीकरला पाच द्यायचे. तू एक स्वर वाजवला नाहीस तरी मीटर तेवढंच फिरणार.

भाची : पस्तीस वॅट म्हणजे एका जुन्या बल्बपेक्षा कमी, आणि तेही रियाजाच्या तासा-दीड तासापुरते. हा खर्च मी आनंदानं करीन. आणि पाच वॅटला कमी लेखू नकोस. पन्नास वॅट आणि पाच वॅट यांत फरक दहा डेसिबलचा, कानाला साधारण दुप्पट. म्हणजे स्पीकर तोच असेल तर चॅम्प पन्नास वॅटच्या ॲम्प्लिफायरच्या निम्म्या आवाजात ऐकू येतो. बैठकीच्या खोलीत तो पुरून उरतो.

मामा : बरं, आवाज बाजूला ठेव. मला खरी काळजी आहे ती साडेतीनशे व्होल्टची. आत त्याच्या आसपास डी.सी. असतं आणि ते कंडेन्सरमध्ये साठतं. प्लग काढला म्हणजे संपलं असं नाही. तापलेले व्हॉल्व्ह तो भार पिऊन टाकतात, म्हणून लोक बेसावध होतात. पण तू पहिल्यांदा व्होल्टेज तपासताना व्हॉल्व्ह काढून ठेवणार. तेव्हा त्या भाराला जायला वाटच नसते. बंद केलेली, प्लग काढलेली चासी तेव्हाही जोरदार झटका देऊ शकते.

भाची : पहिल्या फिल्टर कपॅसिटरला समांतर २२० किलोओहम, दोन वॅटचा रेझिस्टर कायमचा लावणार आहे. मूळ सर्किटमधले तीन कपॅसिटर मिळून ३२ मायक्रोफॅरडचे. तेवढ्यांचा भार अर्ध्या मिनिटात जवळजवळ उतरतो. तरी हात लावण्याआधी मीटरनं बघायचं. मोजताना मीटरचा काळा क्लिप चासीला अडकवायचा आणि एकच हात वापरायचा.

मामा : आणि पहिल्यांदा थेट प्लग लावायचा नाही. सिरीज लॅम्प लावायचा, साठ वॅटचा फिलामेंटचा बल्ब. एल.ई.डी. चालणार नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. भगभगत राहिला तर आत कुठंतरी शॉर्ट आहे, लगेच बंद. तीन पिनचा प्लग, अर्थ थेट चासीला स्वतंत्र बोल्टनं. त्या काळच्या पुष्कळ अमेरिकी ॲम्प्लिफायरना दोन पिनचे प्लग असत आणि मेनची एक तार कंडेन्सरमधून चासीला जोडलेली असे. जुन्याचं प्रेम म्हणून तसलं काही करायचं नाही.

भाची : नाही करणार. आणि स्पीकर जोडल्याशिवाय चालू करायचं नाही, हेही ठाऊक आहे. स्पीकरचा भार नसताना जोरात वाजवलं तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटू शकतं.

मामा : मेन ट्रान्सफॉर्मर कुठला घेणारेस? अमेरिकी किटमध्ये १२० व्होल्टचा येतो.

भाची : दोन-तीन टॅप असलेला मिळतो. २२०चा आहे.

मामा : २२०चा टॅप आपल्याकडे वापरू नकोस. आपलं प्रमाण २३०, आणि काही भागांत रात्री उशिरा २४५ होतं. मग हीटरवर ६.३च्या जागी ७ व्होल्ट. व्हॉल्व्ह बनवणारे साधारण दहा टक्के सूट देतात, म्हणजे ६.९पर्यंत. तू त्याच्याही वर गेलीस. हाय व्होल्टेज त्याच प्रमाणात चढतं, कंडेन्सरवर ताण येतो, आणि दोन वर्षांनी तू म्हणणार की आजकालचे व्हॉल्व्ह टिकत नाहीत. २४०चा टॅप असलेला घे.

भाची : घेते. मामा, तू विरोध करतोयस पण माझं किट तूच बांधतोयस.

मामा : विरोध सोडलेला नाही. माझा मोठा आक्षेप अजून बाकी आहे. किटबरोबर एक चित्र येतं. लाल वायर इथून तिथं, हा रेझिस्टर या दोन भोकांत. चित्र बघून जोडलं, चालू झालं, फोटो काढला. ठिपके जोडून रांगोळी काढली म्हणून चित्रकला येत नाही. अमेरिकेत हीथकिटनं १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचा किट काढला आणि पुढे १९९२पर्यंत किट विकले. त्यांच्या पुस्तिका इतक्या नेटक्या असत की काहीही न कळता माणूस यंत्र पुरं करी. काही जण त्यातून इंजिनियर झाले, बाकीच्यांच्या हाती फक्त यंत्र आलं.

भाची : पण नक्कल करतच लोक पुढे गेलेत. १९६२ मध्ये लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडर बासमनचं सर्किट घेऊन ॲम्प्लिफायर बांधला, तिथं मिळणारे भाग वापरून. जेटीएम४५ असाच झाला. ट्रान्सफॉर्मर वेगळे, स्पीकर वेगळे, म्हणून आवाज वेगळा झाला आणि रॉकचं सगळं घराणं त्यातून उभं राहिलं.

मामा : त्यांना सर्किट वाचता येत होतं. तुला येतं का? सांग, सिग्नल कुठून कुठं जातो. चित्र न बघता.

भाची : जॅकमधून ६८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून १२एएक्स७च्या पहिल्या ट्रायोडच्या ग्रिडला. त्या व्हॉल्व्हमध्ये दोन ट्रायोड असतात. पहिला सिग्नल कित्येक पटीनं वाढवतो. शंभर मिलिव्होल्टचे काही व्होल्ट झाले. प्लेटवरचा डी.सी. अडवून फक्त सिग्नल पुढे सोडायला ०.०२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, मग व्हॉल्यूम, मग दुसरा ट्रायोड. त्यातून पुन्हा कपॅसिटर आणि ६व्ही६चा ग्रिड. ६व्ही६ला पुरतं हलवायला एकोणीस-वीस व्होल्टचं शिखर पुरतं. दोन ट्रायोड मिळून त्याहून पुष्कळ जास्त देतात. म्हणून बटण निम्म्यावर जायच्या आत आवाज फाटायला लागतो. ६व्ही६ला समोर साधारण पाच हजार ओहम हवेत आणि स्पीकर चार ओहमचा आहे. ते जुळवायला आउटपुट ट्रान्सफॉर्मर, फेऱ्यांचं प्रमाण साधारण पस्तीसास एक.

मामा : ६व्ही६ नीट चालतोय हे कसं कळणार? करंट मोजायला सर्किट तोडायचं नाही.

भाची : त्याच्या कॅथोडला ४७० ओहमचा रेझिस्टर आहे. त्याच्यावरचं व्होल्टेज मोजायचं. १९ व्होल्ट आले तर भागिले ४७०, म्हणजे चाळीस मिलिअँपिअर. प्लेट ते कॅथोड ३२० व्होल्ट असतील तर गुणाकार तेराच्या आत-बाहेर. स्क्रीनचा वाटा वजा केला तर प्लेट झेलू शकते त्या बारा वॅटच्या जवळ आपण आहोत. पाच-सहा व्होल्टच आले तर व्हॉल्व्ह थकलाय किंवा त्याला पुरतं व्होल्टेज मिळत नाही. तीस आले तर ग्रिडवर मागून डी.सी. गळतंय का ते बघायचं.

मामा : कपलिंग कंडेन्सर गळका. बरोबर. जुन्या रेडिओत निम्मं काम त्याचंच असे. हे तुला किटनं शिकवलं?

भाची : किट मागवायचं ठरवल्यामुळे मी शिकले. एक सांगू? इतकं छोटं, पूर्ण, उपयोगी यंत्र मला दुसरं सापडलं नाही. फोन, लॅपटॉप, मिक्सर, काहीही घे. एका माणसाच्या डोक्यात ते आख्खं मावत नाही. हे मावतं. पंधरा-सोळा रेझिस्टर, थोडे कपॅसिटर, तीन व्हॉल्व्ह, दोन ट्रान्सफॉर्मर. प्रत्येकाचं काम मला सांगता येतं आणि प्रत्येकाचा परिणाम ऐकू येतो. ६व्ही६च्या कॅथोडचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून १ मायक्रोफॅरडचा लावला तर खर्ज उतरतो. हिशेबानं आधी सांगायचं, मग वाजवून बघायचं.

मामा : कानाचं म्हणतेस तर एक गोष्ट सांगतो. ॲम्प्लिफायर बांधून झाला की गुणगुणेल. प्रत्येक नवा गुणगुणतो. तेव्हा घाईनं वायरी हलवू नकोस, आधी स्वर ओळख. आपल्या मेनची वारंवारता ५० हर्ट्झ. हीटरच्या तारांमधून शिरलेली गुणगुण ५० हर्ट्झची. रेक्टिफायरनंतर उरलेली लहर त्याच्या दुप्पट, १०० हर्ट्झची. दोन्ही एकमेकांच्या सप्तकात.

भाची : शंभर हर्ट्झ! जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा जी ९८चा असतो. म्हणजे गिटार हातात घेऊन मी तो स्वर जुळवून बघू शकते. त्याच्याजवळ लागला तर फिल्टरिंग किंवा ग्राउंड बघायचं. एक सप्तक खाली असेल तर हीटर.

मामा : हीटरच्या तारा घट्ट पीळ देऊन चासीच्या कोपऱ्यातून ने, ग्रिडच्या वायरपासून लांब. ग्रिडची वायर जेवढी आखूड तेवढी बरी. ६.३ व्होल्टच्या वाइंडिंगला मधला टॅप नसेल तर दोन्ही टोकांपासून शंभर-शंभर ओहम ग्राउंडला. अमेरिकेत ही गुणगुण ६० आणि १२०ची असते, तिकडच्या लोकांनी लिहिलेला स्वर तुझ्या जुळणीत सापडायचा नाही.

भाची : मग आता सांग, हे लॅपटॉप मला शिकवील का?

मामा : नाही शिकवणार. हे मी मान्य करतो. पण तू हे बारा व्होल्टवर, आयसी आणि ट्रान्झिस्टर घेऊनही शिकू शकतेस. तिथं जीव धोक्यात नाही, भाग तापकीर गल्लीत हातोहात मिळतात. व्हॉल्व्ह कुठून आणशील? एकेकाळी बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये रेडिओचे व्हॉल्व्ह बनत. आता स्लोव्हाकिया, रशिया, चीन. २०२२ मध्ये युद्ध सुरू झालं, रशियातून निर्यात अडली आणि जगभर गिटारवाल्यांची पळापळ झाली. तू मालकीच्या गोष्टी करतेस आणि तीन काचेच्या नळ्यांसाठी परदेशी कारखान्यांकडे डोळे लावून बसणार.

भाची : हा मुद्दा खरा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणीन की १२एएक्स७ आणि ६व्ही६ कुठल्याही कंपनीचा त्याच सॉकेटमध्ये बसतो. पिनांची मांडणी दशकानुदशकं तीच आहे. रेक्टिफायर नाहीच मिळाला तर दोन डायोडनी भागेल, फक्त व्होल्टेज चढेल ते रेझिस्टरनं उतरवायचं. ट्रान्सफॉर्मर जळला तर तो परत वाइंड करून मिळतो. माझ्या ऑडिओ इंटरफेसमधली एक चिप गेली तर मला तो टाकूनच द्यावा लागतो. अवलंबून दोन्हीकडे राहायचंय, पण इथं कशावर अवलंबून आहे ते मला माहीत आहे. आणि बारा व्होल्टवरचंही मी करीन, तुझ्याकडूनच शिकून. पण तिथं चांगल्या आयसीचं कौशल्य सिग्नलला न बिघडवण्यात आहे. मला इथं बिघडण्याचा अभ्यास करायचाय.

मामा : माझ्या दोन अटी. डबा उघडायच्या आधी कोऱ्या कागदावर सर्किट काढायचं आणि प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणी किती व्होल्ट अपेक्षित आहेत ते हिशेब करून लिहायचं. पहिल्या वेळी मोजलेला आकडा शेजारी. दोन आकड्यांत दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला की कारण सापडेपर्यंत गिटार जोडायची नाही. दुसरी अट, पहिल्यांदा चालू करताना मी शेजारी असणार.

भाची : मान्य. माझीही एक आहे. झाल्यावर तू पाठ करून बस. एकच स्पीकर, एकच गिटार, एकदा चॅम्प आणि एकदा लॅपटॉपमधलं त्याचं मॉडेल. दोन्हींचा आवाज मीटरनं सारखा करून, कारण जे थोडं मोठं वाजतं तेच कानाला बरं वाटतं. तू सांगायचं कुठलं कोणतं.

मामा : मला ओळखू आलं नाही तर? तुझा सगळा खटाटोप फुकट?

भाची : नाही ओळखलंस तर आवाजाबद्दल तुझं म्हणणं बरोबर ठरेल आणि मी ते चारचौघांत सांगीन. पण दुसऱ्या दिवशी मला तो फीडबॅकचा रेझिस्टर ४७ किलोओहमचा लावून बघायचा असेल, आणि तो कुठं आहे, का आहे, बदलला तर काय होईल हे मला माहीत असेल. मला किट त्यासाठी हवंय.

मामा : मग मागव. कागद मात्र आज रात्रीच काढायला घे. चुकलं तर कागदावर चुकू दे, साडेतीनशे व्होल्टवर नको.